टॅलीतला आकडा मालकांच्या मोबाईलपर्यंत: वितरकाचा डॅशबोर्ड कसा बांधावा, कुणाला किती दाखवावा

प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यात खते, बियाणे आणि पीकसंरक्षण औषधांची घाऊक विक्री. तीन गोदामे, हिशेब टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, आठ सेल्समन आणि मालक म्हणजे दोघे भाऊ. हिशेब बघणारा मुलगा रोज रात्री एक्सेलमध्ये तक्ता करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. आता मालकांना हेच ऑनलाइन डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे-आलेखांच्या एका पानावर, हवे आहे. डॅशबोर्ड बांधायला गुगलचे लुकर स्टुडिओ घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय, आणि प्रत्येक सेल्समनला फक्त त्याचेच आकडे दिसतील असे कसे करावे?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देऊन टाकतो. तुमच्या आकाराच्या पेढीला लुकर स्टुडिओ आणि त्यामागे गुगल शीट, एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. पैसे लागत नाहीत, ब्राउझरमध्ये चालते, फोनवर वेगळे ॲप टाकावे लागत नाही. पण डॅशबोर्ड टिकतो की महिनाभरात विस्मरणात जातो, हे साधनावर ठरताना मी पाहिलेले नाही. थोरले भाऊ डॅशबोर्डवर सप्टेंबरची विक्री बघतील, मग शेजारच्या कॉम्प्युटरवर टॅलीचे सेल्स रजिस्टर उघडतील. दोन्हीकडे एकच आकडा निघाला तर ते उद्या पुन्हा डॅशबोर्ड उघडतील. दहा-वीस हजारांचाही फरक निघाला आणि तो का आहे हे कुणालाच सांगता आले नाही, तर रात्रीचे एक्सेल परत सुरू होईल. म्हणून या उत्तराचा मोठा भाग आकडा जुळवण्याबद्दल आहे. रंग आणि आलेख त्यानंतर.

सुरुवात कागदावर करा. प्रत्येक आकड्यासमोर एक वाक्य लिहायचे: यात काय धरले, काय वगळले. तुमच्या धंद्यात 'विक्री' या एका आकड्यातच चार-पाच वाद दडलेले आहेत. पहिला जीएसटीचा. रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के, खतांवर ५ टक्के आणि पेरणीच्या बियाण्यांवर शून्य. समजा दोन सेल्समननी प्रत्येकी १० लाखांचा माल विकला, एकाने औषधे आणि दुसऱ्याने बियाणे. बिलाची पूर्ण रक्कम धरली तर पहिल्याचे ११ लाख ८० हजार दिसतात आणि दुसऱ्याचे १० लाखच. कष्ट सारखे असून बियाणे विकणारा मागे पडलेला दिसतो. तेव्हा विक्री करापूर्वीच्या किमतीवर धरा. येणे मात्र करासह, कारण डीलरकडून पैसे तेवढे यायचे आहेत. एकाच पानावर एक आकडा करासह आणि एक करापूर्वी असेल तर दोन्हींच्या खाली बारीक अक्षरात तसे लिहा.

दुसरा वाद परत आलेल्या मालाचा. जूनमध्ये सोयाबीनचे बियाणे डीलरच्या दुकानात भरायचे आणि पेरण्या आटोपल्या की शिल्लक पिशव्या परत घ्यायच्या, ही या व्यापाराची रीतच आहे. जूनमध्ये सेल्समनची विक्री डोळे दिपवणारी दिसते आणि परतावा ऑगस्टच्या खात्यावर पडतो. टॅली परतावा ज्या तारखेला नोंदला त्या महिन्यात दाखवते. डॅशबोर्डनेही तेच करावे, नाहीतर जुळणी कधीच होणार नाही. पण सेल्समनचे काम मोजायचे असेल तर महिन्याऐवजी अख्ख्या हंगामाची निव्वळ विक्री बघा, म्हणजे भरलेला माल वजा परत आलेला माल. हा दुसरा आकडा वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी ठेवा.

तिसरी गोष्ट गोदामांची. एकाच जीएसटी नोंदणीखालच्या तुमच्या एका गोदामातून दुसऱ्यात माल गेला तर ती विक्री नव्हे. तरीही घाईत कुणीतरी स्वतःच्याच गोदामाच्या नावाने लेजर (खाते) उघडून बिल केलेले असते आणि ते सेल्स रजिस्टरमध्ये येऊन बसते. अशी लेजरे शोधून यादी करा आणि ती वगळली आहेत हे व्याख्येत लिहा.

नफ्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या डॅशबोर्डवर नफा नको. कंपन्यांच्या स्कीम, उलाढालीवरची सूट, दरफरकाच्या क्रेडिट नोटा बऱ्याचदा हंगाम संपल्यावर किंवा वर्षअखेरीस येतात. त्या येईपर्यंत दिसणारा नफा हा अंदाजच असतो, पण पडद्यावर मोठ्या अक्षरात आला की माणसे त्यालाच खरे धरतात आणि त्यावर सूट देऊन मोकळी होतात.

व्याख्यांचा हा कागद तयार झाला की दोन्ही भावांची त्यावर सही घ्या. हे गंभीरपणे सांगतोय. पुढे वाद होईल तेव्हा मुलाला "तुझा डॅशबोर्ड चुकतोय" असे कुणी म्हणू नये, "व्याख्या बदलायची का?" असे विचारावे.

आता टॅलीतून माहिती बाहेर काढण्याकडे. पहिले काही आठवडे हातानेच करा. कॉलम्नर सेल्स रजिस्टर, वसुलीच्या नोंदी, बिलनिहाय येणे आणि बॅचनिहाय साठा, हे चार रिपोर्ट रोज एक्सेलमध्ये काढायचे आणि गुगल शीटमधल्या 'कच्चा माल' अशा टॅबवर चिकटवायचे. त्या टॅबला नंतर कुणी हात लावायचा नाही. सूत्रे, दुरुस्त्या, जोडण्या सगळ्या पुढच्या टॅबवर. कच्च्या टॅबमध्येच कुणी एखादी रक्कम सुधारली की फरक कुठून आला हे शोधायला वाट उरत नाही.

या तक्त्याची रचना आडवी नको, उभी हवी. एक ओळ म्हणजे एका बिलातली एक वस्तू: तारीख, बिल क्रमांक, पार्टीचा कोड, वस्तूचा कोड, नग, करापूर्वीची रक्कम, गोदाम. एप्रिल, मे, जून असे महिन्यांचे रकाने केलेला तक्ता डोळ्यांना बरा दिसतो, पण त्यातून गोदामनिहाय, कंपनीनिहाय, आठवडानिहाय बेरजा निघत नाहीत. गुगल शीटची मर्यादा एका फाइलमध्ये एक कोटी चौकटींची आहे. तुमची ओळ दहा रकान्यांची धरली तर गणिताने दहा लाख ओळी बसतात. प्रत्यक्षात सूत्रे वाढली की शीट त्याच्या कितीतरी आधी रडू लागते. तेव्हा ती माहिती गुगलच्या बिगक्वेरी या मोठ्या डेटाबेसमध्ये हलवा. तिथे दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबीपर्यंतची विचारणा (साठवलेली माहिती वाचून उत्तर काढणे) फुकट आहे, आणि तुमची पेढी त्या मर्यादेच्या जवळपासही जाणार नाही.

पार्टीच्या नावांवर वेळ घालवा, तो वाया जात नाही. एकच कृषी सेवा केंद्र टॅलीत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडेल: एकदा गावासह, एकदा 'श्री' लावून, एकदा मालकाच्या आडनावाने. नावावरून जोडणी केली की त्याची उधारी तीन तुकड्यांत दिसते आणि प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत असल्याने सगळे छान वाटते. जीएसटी क्रमांक वापरावा असे कुणी सुचवेल, पण लहान दुकानदारांपैकी काहींची नोंदणीच नसते. त्यापेक्षा टॅलीत प्रत्येक लेजरला 'एलियास'ची, म्हणजे पर्यायी नावाची, जागा असते, तिथे तुमचा स्वतःचा छोटा कोड भरा आणि सगळीकडे तोच वापरा.

तसेच कोणता डीलर कोणत्या सेल्समनकडे, याचा वेगळा तक्ता करा आणि त्यात 'या तारखेपासून' असा रकाना ठेवा. तासगावचा भाग ऑगस्टमध्ये एका सेल्समनकडून दुसऱ्याकडे गेला, आणि तक्त्यात फक्त नाव बदलले, तर जुनी सगळी विक्रीही नव्या माणसाच्या नावावर चढते. पहिल्याचा इन्सेंटिव्ह त्या आकड्यावर असेल तर त्या महिन्यात भांडण ठरलेले.

टॅलीची एक सवय डॅशबोर्ड बांधणाऱ्याला महाग पडते: मागच्या तारखेची नोंद आज करता येते, जुने बिल आज दुरुस्त करता येते. त्यामुळे "रोज फक्त कालच्या ओळी खाली जोडायच्या" ही पद्धत चालत नाही. पंधरा दिवसांत फरक साठत जातो. चालू आर्थिक वर्षाचा पूर्ण तक्ता रोज नव्याने भरा. तुमच्या आकारात ते काही मिनिटांचे काम आहे आणि रद्द केलेली बिलेही त्यात आपोआप गळतात.

उधारीच्या वयाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण घाऊक विक्रेत्याचा डॅशबोर्ड मुळात यासाठीच असतो. टॅलीत पावती नोंदताना ती कोणत्या बिलापोटी आली हे 'अगेन्स्ट रेफरन्स'मध्ये सांगावे लागते. घाईत सगळे 'ऑन अकाउंट', म्हणजे कोणत्याच बिलाला न जोडता, टाकून मोकळे होतात. मग डीलरची एकूण बाकी बरोबर येते, पण बिलनिहाय यादीत सहा महिन्यांपूर्वीची, प्रत्यक्षात फिटलेली बिले उघडीच राहतात. डॅशबोर्ड त्यांना १८० दिवसांच्या थकबाकीत टाकतो, मालक चिडून माल थांबवतात, आणि नियमित पैसे देणारा डीलर दुखावून दुसऱ्या वितरकाकडे जातो. म्हणून डॅशबोर्ड दाखवण्याआधी 'ऑन अकाउंट' पडलेल्या पावत्या बिलांना लावून घ्या. हे आठवडाभराचे कंटाळवाणे काम आहे. ते टाळून पुढे जाऊ नका. पुढेही पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'बिलाला न लावलेली वसुली' हा आकडा कायम दिसू द्या. तो वाढू लागला की उधारीचे वय बिघडू लागले असे समजायचे.

वय बिलाच्या तारखेपासून मोजायचे की देय तारखेपासून, हेही ठरवा. ऊसपट्ट्यातल्या डीलरचे पैसे कारखान्याची बिले शेतकऱ्याच्या खात्यावर आली की सुटतात. द्राक्षपट्ट्यातले बागेचा माल उतरल्यावर. तुम्ही दोघांना वेगवेगळी मुदत देत असाल तर देय तारखेपासूनच मोजा. मात्र बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी (माल आणि येणे यांवर मिळणाऱ्या कर्जासाठी) दरमहा जे स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते त्यात येणे बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात आणि साधारणपणे ९० दिवसांवरचे धरत नाहीत. त्यामुळे दोन्ही वये काढून ठेवा आणि कोणते कुठे वापरायचे ते व्याख्येच्या कागदावर नोंदवा.

एवढे झाले की जुळणीचे पान बांधा, आणि ते बाकीच्या पानांच्या आधी बांधा. प्रत्येक महिन्यासाठी तीन रकाने: टॅलीच्या सेल्स रजिस्टरमधली बेरीज (ही हाताने भरायची), डॅशबोर्डची बेरीज, फरक. त्याच पानावर सन्ड्री डेटर्सची (उधारीवरच्या सगळ्या पार्ट्यांची) अखेरची बाकी आणि बिलनिहाय येण्याची बेरीज. फरक शून्य नसेल तर पहिल्या पानावर लाल पट्टी आली पाहिजे: 'ऑगस्टमध्ये ४२,३०० रुपयांचा फरक, तपासणी सुरू'. आपल्याच आकड्यातली त्रुटी अशी उघड दाखवायला अनेकांना संकोच वाटतो. माझा अनुभव उलटा आहे. जिथे फरक उघड दिसतो तिथेच मालक बाकीच्या आकड्यांवर विसंबतात.

आता पहिले पान. मालकांना विचारा, "सकाळी हे बघून तुम्ही कुणाला फोन कराल?" ज्या आकड्यामुळे एकही फोन होणार नाही तो दुसऱ्या पानावर. तुमच्या बाबतीत मी चारच गोष्टी ठेवेन: महिन्याची आजवरची निव्वळ विक्री, महिन्याची वसुली, देय तारीख उलटलेल्या डीलरांची रकमेच्या उतरत्या क्रमाने यादी, आणि पुढच्या १८० दिवसांत मुदत संपणाऱ्या औषधांच्या बॅचेस, गोदामासह. ही चौथी गोष्ट फार कुणाच्या डॅशबोर्डवर नसते. पण मुदत संपलेले औषध विकता येत नाही, आणि मुदत जवळ आलेले परत घ्यायला कंपनी कुरकुर करते. मिरजेच्या गोदामात पडलेली बॅच जतच्या भागात खपू शकते, हे सहा महिने आधी कळले तर त्याचे पैसे होतात.

'आजची विक्री' ठेवू नका. संध्याकाळी पाच वाजता निम्मी बिले टॅलीत चढलेली नसतात, आकडा कमी दिसतो आणि सेल्समनला विनाकारण बोलणी बसतात. 'कालपर्यंत' हा शब्द वापरा, आणि पानाच्या माथ्यावर माहिती कधी भरली त्याची तारीख-वेळ ठळक लिहा. लुकर स्टुडिओ गुगल शीटमधली माहिती मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटांनी ताजी करते, पण शीटमध्येच कालचा माल असेल तर त्या ताजेपणाला अर्थ नाही. वाचणाऱ्याला टॅलीतून माहिती काढल्याची वेळ कळायला हवी.

तुलनेची गोष्ट शेती व्यापारात फसवी आहे. गेल्या महिन्याशी तुलना तर सरळ काढून टाका. द्राक्षाची फळछाटणी साधारण ऑक्टोबरच्या आसपास होते आणि त्यानंतर बुरशीनाशकांची मागणी उसळते; सप्टेंबरपेक्षा ऑक्टोबर १५० टक्के वाढला यात कुणाचे कर्तृत्व नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना बरी, पण तीही पुरत नाही. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला होते, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या २१ तारखेला. बाजार बंद असण्याचे दिवसच दुसऱ्या महिन्यात गेले. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की जूनची विक्री जुलैत सरकते. यावर मला सर्वात उपयोगी वाटलेला आलेख म्हणजे हंगामाची साठत जाणारी रेषा: एक जूनपासून आजपर्यंतची एकूण विक्री, यंदाची जाड रेषेत, मागच्या दोन वर्षांची फिकट रेषेत. पाऊस उशिरा आला तर यंदाची रेषा उजवीकडे सरकलेली दिसते, खाली पडलेली नाही. माणसाला एका नजरेत कळते की विक्री लांबली आहे, बुडालेली नाही. यासाठी तारखांचा एक स्वतंत्र तक्ता लागेल, ज्यात प्रत्येक तारखेसमोर आर्थिक वर्ष, एप्रिलपासूनची तिमाही, खरीप किंवा रब्बी असे लिहिलेले असेल. ही साधने मुळात जानेवारीपासून वर्ष धरतात.

आलेखांबद्दल फार लांबवत नाही. डीलरांची किंवा कंपन्यांची तुलना आडव्या पट्ट्यांनी करा, गोल पोळीच्या तुकड्यांनी नको. एका रेषेवरून निघालेल्या पट्ट्यांची लांबी माणूस कोनांपेक्षा बिनचूक ओळखतो, हे क्लीव्हलंड आणि मॅक्गिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी दाखवले आहे. वेगाचे काटे दाखवणारे गोल मीटर जागा खातात आणि एकच आकडा सांगतात. रक्कम लाखांत दाखवा. ही साधने आपणहून हजार आणि दशलक्ष यांतच आकडा लहान करतात, आणि '४.७ एम' बघून आपल्याकडच्या मालकाला मनात गुणाकार करावा लागतो. रकमेला एक लाखाने भागणारे एक नवे फील्ड करा आणि शीर्षकात 'लाख रुपये' लिहा, काम झाले. पान उभे ठेवा, रुंदी साधारण ४०० पिक्सेल, कारण हे सगळे फोनवरच बघितले जाणार आहे. मोठ्या पडद्यावर आखलेले आडवे पान फोनवर दोन बोटांनी ताणत बसायला कुणाला वेळ नसतो.

आता वाटपाचा भाग. इथे सगळ्यात जास्त नुकसान होते आणि ते लगेच लक्षातही येत नाही.

लुकर स्टुडिओमध्ये रिपोर्ट तीन तऱ्हांनी वाटता येतो: ठरावीक लोकांनाच, दुवा ज्याच्याकडे असेल त्या कुणालाही, किंवा पूर्ण सार्वजनिक. तुम्ही पहिला मार्गच घ्यायचा. दुसरा मार्ग सोयीचा वाटतो, लॉगिनची कटकट नाही, व्हॉट्सॲपवर दुवा टाकला की झाले. पण तोच दुवा सेल्समनकडून डीलरकडे, डीलरकडून दुसऱ्या वितरकाकडे जायला एक फॉरवर्ड पुरतो. तुमच्या प्रत्येक डीलरची थकबाकी प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेली तर काय होईल हे मी सांगायला नको. पॉवर बीआयमध्ये 'पब्लिश टू वेब' नावाचा पर्याय आहे. त्याने रिपोर्ट इंटरनेटवरच्या कुणालाही लॉगिनशिवाय दिसतो. सरकारी खुल्या आकडेवारीसाठी तो उत्तम आहे, व्यापाराच्या हिशेबासाठी कधीच नाही.

डेटा सोर्सला, म्हणजे रिपोर्ट जिथून माहिती घेतो त्या जोडणीला, दोन प्रकारचे अधिकार असतात: मालकाच्या ओळखीने माहिती वाचणे, किंवा बघणाऱ्याच्या ओळखीने. पहिला ठेवा. त्यात सेल्समनला मूळ गुगल शीट उघडता येत नाही, फक्त रिपोर्ट दिसतो. दुसरा ठेवला की प्रत्येकाला "तुम्हाला परवानगी नाही" असा संदेश येतो, आणि मग कुणीतरी वैतागून मूळ शीटच दुवा असलेल्या सर्वांसाठी खुली करतो. खरेदीचे दर त्याच शीटमध्ये असतील तर ते त्या क्षणी बाहेर गेले. म्हणून एक नियम पाळा: जे सेल्समनला दाखवायचे नाही ते त्याच्या रिपोर्टमागच्या शीटमध्येच नसावे. आलेखात रकाना घेतला नाही, एवढ्यावर विसंबू नका.

प्रत्येकाला त्याचेच आकडे दाखवण्यासाठी डेटा सोर्समध्ये 'फिल्टर बाय ईमेल' ही सोय आहे. प्रत्येक ओळीत त्या सेल्समनचा ईमेल पत्ता असलेला रकाना हवा. तो डीलर-सेल्समन तक्त्यावरून आणायचा. सेल्समन स्वतःच्या गुगल खात्याने उघडतो आणि त्याला त्याच्याच ओळी दिसतात. इथे एक खाच आहे: ही गाळणी मालकांनाही लागू होते, त्यांचा पत्ता कोणत्याच ओळीत नसल्याने त्यांना कोरे पान दिसते. म्हणून मालकांसाठी गाळणी नसलेला वेगळा डेटा सोर्स आणि वेगळा रिपोर्ट करा. एकाच रिपोर्टमध्ये निवडीची यादी देऊन "तुझे नाव निवड" असे सांगणे ही गाळणी नव्हे, दुसऱ्याचे नावही निवडता येतेच.

खात्यांची अडचण प्रत्यक्षात येते. फोन विकत घेताना दुकानदाराने बनवून दिलेले जीमेल खाते, ज्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, असे अनेकांचे असते. आठ जणांना पेढीच्या नावाची खाती काढून द्या, दुसऱ्या टप्प्याची पडताळणी चालू करा, आणि सगळ्यांना एका गुगल ग्रुपमध्ये घालून परवानगी ग्रुपला द्या. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ग्रुपमधून काढायचा. पगाराचा हिशेब पूर्ण करण्याच्या यादीत ही ओळ घाला, म्हणजे विसरत नाही. रिपोर्ट आणि शीट दोन्ही पेढीच्या खात्यातच बनवा. बाहेरच्या जाणकाराकडून करून घेणार असाल तर त्याच्या वैयक्तिक जीमेलवर बांधू देऊ नका. तो दूर गेला की चावी त्याच्याबरोबर जाते.

कंपनीचे प्रतिनिधी तुमच्याकडे त्यांच्या मालाचे लिक्विडेशनचे आकडे मागतात, म्हणजे डीलरकडून पुढे किती खपले. त्यांना तुमच्या रिपोर्टची परवानगी देऊ नका. त्यांच्याच उत्पादनांचा, तालुकानिहाय, फक्त नग दाखवणारा वेगळा रिपोर्ट द्या. पार्टीचे नाव नाही, दर नाही. तसेच शेतकऱ्यांची नावे आणि मोबाईल क्रमांक कोणत्याच डॅशबोर्डवर येऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकली आहे, आणि विक्रीचा निर्णय घ्यायला त्या क्रमांकांची गरजही नाही.

पॉवर बीआय कधी घ्यावे? हिशेबाची गणिते गुंतागुंतीची झाली, अनेक तक्ते एकमेकांना जोडावे लागले आणि ते सांभाळणारा माणूस पेढीत असला, तर ते जास्त ताकदवान आहे. पण त्याची डेस्कटॉप आवृत्ती फुकट असली तरी ती विंडोजवरच चालते, आणि वाटायला बनवणारा व बघणारा दोघांनाही प्रो परवाना लागतो. एप्रिल २०२५ पासून त्याचा यादीतला दर दरमहा माणशी १४ डॉलर आहे. दोन मालक, आठ सेल्समन आणि तो बनवणारा, असे अकरा जण धरले तर महिन्याला १५४ डॉलर. प्रोमध्ये माहिती दिवसातून आठ वेळा आपोआप ताजी करता येते, तुम्हाला एकदाच लागते. मेटाबेस किंवा सुपरसेट ही मुक्त स्रोत साधने चांगली आहेत, पण त्यांना स्वतःचा सर्व्हर आणि त्याची देखभाल लागते. ती तुमच्याकडे आज नाही.

हाताने काढलेले रिपोर्ट महिनाभर जुळत राहिले की मगच ते काम आपोआप करा. टॅली चालू असताना ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती मागायच्या दारावर) एक्सएमएल या ठरावीक स्वरूपातल्या विनंतीला उत्तर देते. एक छोटी स्क्रिप्ट (लहानसा प्रोग्राम) विंडोजच्या टास्क शेड्युलरवर, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीवर, रात्री लावली की ती माहिती काढून शीटमध्ये भरते. त्यासाठी तो कॉम्प्युटर चालू, टॅली उघडी आणि कंपनी लोड केलेली हवी. रात्री वीज गेली तर सकाळी शिळी माहिती दिसेल, तेव्हा वर सांगितलेली तारीख-वेळ कामाला येते. ते पोर्ट राउटरवरून बाहेरच्या जगाला उघडे करू नका, कुणी कितीही सोपे म्हणून सांगितले तरी.

व्हॉट्सॲप बंद करायच्या भरीस पडू नका. सकाळी नऊ वाजता मालकांना तीन ओळींचा संदेश जाऊ द्या: कालपर्यंतची विक्री, वसुली, देय तारीख उलटलेली रक्कम, आणि खाली दुवा. सेल्समनना फक्त दुवा. पहिले दोन आठवडे रिपोर्ट धाकट्या भावालाच दाखवा आणि रोज एक आकडा टॅलीशी ताडून बघायला सांगा, सेल्समनना त्यानंतर.

आणि एप्रिलसाठी आधीच तयारी ठेवा. अनेक पेढ्या ३१ मार्चनंतर टॅलीत डेटा स्प्लिट करून नव्या वर्षाची कंपनी वेगळी करतात. कंपनीचे नाव बदलले की स्क्रिप्टला ती सापडत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या वर्षाचा पूर्ण तक्ता वेगळ्या टॅबवर उतरवून ठेवा, पण त्याला लगेच कुलूप लावू नका. ऑडिट होईपर्यंत त्यात नोंदी बदलत राहतील. ऑडिटनंतर तो एकदा पुन्हा काढा, जुळणीच्या पानावर बारा महिन्यांचे फरक शून्य आले की मग गोठवा, आणि पुढच्या खरिपात मागच्या वर्षाची फिकट रेषा त्याच तक्त्यावरून काढा.